जर्सीची जागा

वेल्समधल्या आमच्या खोऱ्यातून दोन्ही प्रकारची रग्बी देशाकडून खेळलेला इडवल एकटाच. पंधरा जणांची हौशी रग्बी सोडून तो पगारावर तेरा जणांची खेळायला उत्तर इंग्लंडमध्ये गेला, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे गावच्या क्लबने त्याला जन्मभरासाठी दार बंद केलं. आता तो नियमच राहिला नाही, म्हणून क्लबचे म्हातारे सचिव एम्रिस स्वतः त्याच्या घरी आले.

“तुझ्या दोन्ही जर्सी दे बाबा. हॉलमध्ये लावतो, अगदी मधोमध.”

इडवलने इस्त्री केलेल्या जर्सी आणून त्यांच्या मांडीवर ठेवल्या. एम्रिसचे डोळे भरून आले.

“म्हणजे राग गेला म्हणायचा.”

“न्या की. फक्त बाहेर लावा, फाटकाच्या खांबाला.”

“अरे, तिथे पावसात महिनाभरात कुजतील त्या.”

“कुजू देत. माझ्या वडिलांना माती देऊन आल्यावर सगळं गाव तुमच्या हॉलमध्ये चहा पीत होतं, तेव्हा मी त्या फाटकाशीच भिजत उभा होतो. जागा तुम्हीच दाखवली होतीत.”