बाबांवर राज्य

वाढदिवसाचा केक कापून झाला आणि रितिकाच्या मैत्रिणी कंटाळल्या. खाली बागेत खेळायचं ठरलं होतं, पण घसरगुंडीला हात लावला तर भाजेल असं ऊन होतं. कूलरसमोरच्या जागेवरून भांडणं सुरू झाली.

रितिकाच्या आईनं, कामिनीनं, टीपॉय बाजूला सरकवला. "आंधळी कोशिंबीर खेळा."

रितिकानं आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. आत तिचे बाबा, सौरव, बसले होते. त्यांना दिसत नसे. शाळेतली मुलं पहिल्यांदाच घरी येणार म्हणून सकाळी तिनं आईला हळूच विचारलं होतं, "बाबा आतच राहतीन ना?" सौरवनं ते ऐकलं होतं.

खेळ रंगेना. ज्याच्यावर राज्य येई, तो डोळ्यांवर बांधलेल्या ओढणीच्या खालून बघे. रितिकाची मैत्रीण हर्षा घरी जायला चपला शोधू लागली.

रितिकानं पुन्हा आतल्या दाराकडे पाहिलं. मग आत गेली आणि बाबांचा हात धरून त्यांना बाहेर घेऊन आली.

"आता बाबावर राज्य."

"कूलर बंद कर वं," सौरव कामिनीला म्हणाले. "मले ऐकू येऊ दे."

घर एकदम शांत झालं. सौरव मान किंचित कलती करून उभे राहिले आणि दोन ढांगांत जाऊन त्यांनी हर्षाची वेणी धरली. पडद्यामागचा श्वास, फरशीवरून सुटणारा घामेजला तळवा, काही म्हणता काही त्यांच्या कानातून निसटेना. मुलं किंचाळत होती, पलंगाखालून सरपटत होती, पुन्हा पुन्हा पकडली जात होती. हर्षाचा धाकटा भाऊ गोलू टेबलाखाली चिवडा चावत बसला होता. तोही सापडला.

तो फणकारला. "काका चीटिंग करून राहिले. पट्टीच नाही बांधली. त्याईले सगळं दिसून राहिलं."

हर्षानं त्याचा दंड दाबला. सौरव हसता हसता थांबले.

रितिकानं कपाळावरचे ओले केस मागे सारले.

"माझ्या बाबाले नाही दिसत."

गोलूनं मान वर करून सौरवकडे नीट पाहिलं. "थोडंसं बी नाही?"

"थोडंसं बी नाही," रितिका सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "जन्मापासून."