कोंडवाड्याची भिंत

भिंत वाकडी चालली होती. दाराच्या फटीतून रहेमतुल्ला गवंडी ती सकाळपासून पाहत होता. तिसऱ्या थरालाच तिने कल घेतला होता, आणि आता ती अफू घेतलेल्या माणसासारखी शेजारच्या बाभळीवर रेलायच्या बेतात होती.

रोहिणखेडात कोंडवाडा मंजूर झाला आणि जागा नेमकी रहेमतुल्लाच्या दारासमोरची निघाली. ठेका शेषरावांचा. सरकारी कामात भिंत वाकडी यावी म्हणून ठेकेदाराला कधी हुकूम सोडावा लागत नाही. ही मात्र हुकमाने वाकडी येत होती.

त्याचे असे झाले. शेषरावांच्याच पुलावर परांची मोडून रहेमतुल्ला खाली आला, आणि त्याच्या मागोमाग आलेला दगड उजव्या मनगटावर बसला. हाड जुळले. पण बुलढाण्याचे नारायणराव वकील म्हणाले, साहेबाने नवा कायदा आणलाय, कामावर हात गेला तर ठेकेदाराने भरपाई द्यायची. "मात्र हात गेला पाहिजे. निकाल लागेपर्यंत तो झोळीतून काढायचा नाही. पाण्याचा पेला उचललेला कोणी पाहिला, की केस बुडाली."

घरात चूल अर्धपोटी होती. रहेमतुल्लाने हात झोळीत घातला.

शेषरावही खुळे नव्हते. गवंडी उपाशी राहील, पण डोळ्यांसमोर वाकडी भिंत चढताना पाहून एक दिवस थापी हातात घेणारच, हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी निवृत्ती मुकादमाला तिथे बसवले. त्याने भिंत वाकडी ठेवायची आणि समोरच्या दारावर नजर ठेवायची. यातले पहिले काम त्याला शिकवावे लागले नाही. भिंत छातीएवढी झाली की कोसळे. मुकादम ती पुन्हा पायापासून उचले.

"रहेमतुल्लाभाई," तो रस्त्यातूनच ओरडे, "जरा ओळंबा धरून देता काय?"

"मले हात नाही, मुकादम."

"अन् डोळे?"

"डोळ्याचा अर्ज केला नाही अजून. वकिलाले इचारून सांगतो."

एवढे बोलून तो दार लावून घेई आणि फटीला डोळा लावी. ओल्या चुन्याचा वास दार लावून थांबत नव्हता. तो आला की रहेमतुल्लाला जेवण जात नसे. झोळीतल्या बोटांना मुंग्या येत. त्या मुंग्यांवर तो जगत होता. निकाल लागला की पहिल्यांदा ही भिंत उतरवायची, मनाशी तो म्हणे, आणि मग अशी चढवायची की आत कोंडलेल्या म्हशीलाही उठून जावेसे वाटू नये. डावा हात मांडीवर थर लावत राही. उजव्याला तो कुरवाळत असे, शाळेतून पळून न आलेल्या गुणी पोराला कुरवाळावे तसा.

एकच गोष्ट त्याला खात होती. अमीरबी, त्याची बायको, त्याला घास भरवत असताना तो एकदा म्हणाला, "सरकारशी खोटं बोललं त चालते. पन अल्लाले काय तोंड दाखवू?"

अमीरबीने घास त्याच्या तोंडात दिला. "तुम्ही खोटं बोलून नाही राह्यले," ती म्हणाली.

रहेमतुल्लाला तिची कीव आली. बाईमाणसाला कायदा कुठून कळावा?

बुलढाण्याला सरकारी डॉक्टरने हात उलटासुलटा केला. "मूठ मिट," म्हणाला. रहेमतुल्लाने मिटली नाही. डॉक्टरने दोनदा सांगितले, दरडावले, तरी मिटली नाही. नारायणराव वकील नंतर म्हणाले, तमाशात असतास तर नाव काढलं असतंस. कचेरीत साहेबापुढे शपथ घेऊन तो म्हणाला, "हा हात आता कामाचा नाही, हुजूर," तेव्हा त्याचा आवाज कापला. खोटी शपथ घेताना माणसाचा कापतोच. साहेबाला ते दुःख वाटले.

निकाल लागला. वकील टांग्यातून स्वतः सांगत आले. "जिंकलास! आता काय वाटेल ते कर."

रहेमतुल्लाने भरपाई किती, तेही विचारले नाही. त्याने झोळी मानेतून काढून खुंटीला अडकवली आणि फळीवरची थापी डाव्या हाताने खाली घेतली.

"आज राहू द्या," अमीरबी म्हणाली. "उद्या पाहू."

"उद्या काऊन? एवढे दिवस बसलो ते उद्यासाठीच काय?"

तो भर उन्हात रस्ता ओलांडून गेला. ठेकेदार हरल्याचे निवृत्तीला कळले होते, पण भिंत सरळ कर असे त्याला कोणी सांगितले नव्हते.

"या उस्ताद!" तो उठून उभा राहिला. मनापासून हसला. "लई दिवस वाट पाहिली तुमची. आता पाहतो मी बसून."

रहेमतुल्लाने बाही सावरली. चुन्याचा वास छातीभर घेतला. थापी उजव्या हातात दिली.

ती खाली पडली.

"मुंग्या आल्या," तो म्हणाला. त्याने ती उचलली, पुन्हा तळहातावर ठेवली, डाव्या हाताने उजव्याची बोटे एकेक करून तिच्या मुठीवर वळवली, आणि डावा हात काढून घेतला.

ती पुन्हा पडली.

हाच हात थापी धरताना दिसावा म्हणून निवृत्ती वर्षभर डोळ्यांत तेल घालून बसला होता. तो आता बाभळीकडे पाहू लागला.

रहेमतुल्लाने वळून घराकडे पाहिले. अमीरबी दारात उभी होती. ती घाबरली नव्हती, धावतही आली नव्हती. रोज तो झोपला की ती झोळीतला हात बाहेर काढून चोळी, आणि चोळून झाले की आपले एक बोट त्याच्या तळहातात ठेवून वाट पाहत बसे.