पाळण्याचं पहिलं प्रकरण

“अगं, बाळ रडलं की हाक मारायचं प्रकरण कुणी शेवटी ठेवतं का?” सासूबाईंनी टोकलं, तेव्हा अन्विताने हसण्यावारी नेलं होतं. नव्या पाळण्याची ऑपरेटिंग सिस्टीम अन्विताने लिहिलेलं मॅन्युअल पहिल्या पानापासून वाचत शिकत होती, आणि फाइल-फोल्डर आधी हवेत, असं तिचं ठाम मत होतं.

दुपारी तान्ही रेवा रडली. पाळण्याने ते रडणं नाव देऊन फोल्डरमध्ये नीट ठेवलं आणि तो गप्प बसला. शेजारच्या खोलीत दार लावून बसलेल्या अन्विताला उशिरा कळलं. तिने लेकीला छातीशी धरूनच शेवटचं प्रकरण पहिलं केलं.

संध्याकाळी पाळण्याने हाक मारली, “ताई, लवकर या. ही रडत नाहीये, काहीतरी वेगळंच करतेय. याचं प्रकरण सापडत नाही.”

रेवा पहिल्यांदाच खळखळून हसत होती.

“हे प्रकरण लिहूच नकोस,” सासूबाई म्हणाल्या. “दर वेळी हाक मारू दे त्याला.”

तुमचं बाळ फार वेळ शांत असेल, तर जरा डोकावून या; पाळणा कदाचित फाइल लावत बसला असेल.