रेषेअलीकडची चप्पल

नयनला मिळून मिळणार काय होतं? नौपाड्याचा सिग्नल तोडला, तर पुढच्या सिग्नलला पहिला नंबर. पण त्याच्या गाडीसमोर सायकलवरचा म्हातारा जेरोम लाल दिव्याला पांढऱ्या रेषेअलीकडे पाय टेकून उभा. नयनने हॉर्न दाबूनच धरला. "ओ अंकल, सायकलला कसला सिग्नल? काढा पुढे!" जेरोम हसला. "बाबा, लाल दिवा सगल्यांना सारकाच." शेजारचा रिक्षावाला खिदळला, "पोलीस नाय, काका, बिनधास्त घुसा!" नयनने बंपरनेच सायकल रेटली. चप्पल मागेच राहिली, जेरोम रेषेपलीकडे गेला आणि आडव्या आलेल्या टेम्पोने त्याला उडवलं. गर्दी जमताच नयनच कडाडला, "हे सायकलवाले सिग्नल पाळतच नाहीत!" रिक्षावाल्याने मान डोलावली. लोकांनी जेरोमला उचलून कडेला नेलं. दिवा हिरवा होताच रेषेअलीकडच्या चपलेवरून चाक घालत नयन पहिल्या नंबरने निघाला. मनगट मोडलं जेरोमचं. कधीच न तोडलेला सिग्नल तोडल्याचा ठपकाही त्याच्यावरच.