एक लाख तीन

बासष्ट सालची गोष्ट. शेषराव धामणगावच्या शाळेतून कोकिळेचं नाव काढायला गेले. दुसऱ्या दिवशी तिला पाहायला पाहुणे येणार होते. शाळा सुटली होती, पण पोरगी फळ्यापाशी एकटीच भागाकार करत होती.

“चाल वं घरी.”

“थांबा नं बाबा. एक लाख तीनले कशानं भाग जाते, ते पाहून राह्यली.”

शेषराव उंबऱ्यावर टेकले. ती मांडत गेली, पुसत गेली. ऊन उतरलं. मास्तरांनी सांगितलेला शेवटचा आकडा तीनशे तेरा; त्यापुढं तपासायची गरज नव्हती. त्यानंही भाग गेला नाही. कोकिळा हसली आणि खडू ठेवून निमूट निघाली.

वाटेत त्यांनी विचारलं, “भाग तं गेलाच नाही. मंग हासली काऊन?”

“आता कशानंच जात नाही, हे पक्कं झालं नं बाबा!”

शेषरावांनी मागे वळून शाळेकडे पाहिलं.

“पाहुण्यायले निरोप धाडतो,” ते म्हणाले, “औंदा येऊ नका म्हून.”