सात उंदरांची बातमी

“अर्धी तर नाही ना देणार?” गृहस्थांनी विचारलं.

“नाही, पूर्ण मात्रा,” संशोधक बाई म्हणाल्या. “चार वर्षांच्या मुलाला एक चमचा देतात ना, तेवढीच. उंदराच्या वजनाला बेतून.”

गृहस्थांनी मान हलवली. ते दर गुरुवारी प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर येऊन बसत. पहारेकऱ्याने त्यांचं नाव ‘गुरुवारवाले’ पाडलं होतं आणि वहीतही तो तेच लिही. खरं तर त्यांना काही सांगणं नियमात बसत नव्हतं. हॉस्पिटलमधून नुसता क्रमांक घातलेला रक्ताचा नमुना येई. तो कुणाचा, त्या माणसाचं कसं चाललंय, हे विचारायचं नाही अशी शिस्त. पण यांनी हुडकत हुडकत स्वतःच पत्ता काढला होता. अशा बापाला हाकलून द्यायला दगडाचं काळीज लागतं, आणि बाईंचं तसं नव्हतं.

पहिल्याच दिवशी बाईंनी त्यांना समजावून सांगितलं होतं. मेंदूच्या दाराशी एक राखणदार असतो. औषध आत शिरायला लागलं की तो त्याला बाहेर ढकलतो. तुमच्या मुलीच्या अंगात तो राखणदार तयारच होत नाही. तोच दोष आम्ही सात उंदरांमध्ये उतरवलाय. पोटाच्या दुखण्यावरचं हे घरोघरचं औषध त्यांना झेपतं का, ते बघायचं.

“घरी कसं आहे?” बाईंनी शिस्त मोडून विचारलंच.

“मुलीची आई धड जेवत नाही. तुमच्या निकालाकडे डोळे लावून बसलीय.”

मंगळवारी औषध दिलं. राखणदार असलेले साधे उंदीर तासाभरात पिंजरा डोक्यावर घेऊन हुंदडायला लागले. ते सात मात्र एकेक करून कुशीवर कलंडले आणि संध्याकाळपर्यंत सगळे गेले. शास्त्राच्या दृष्टीने निकाल अगदी चोख होता. बाईंना मात्र रडू येत होतं.

गुरुवारी बाई बाकावर गृहस्थांच्या शेजारी बसल्या.

“किती गेले?” गृहस्थांनीच विचारलं.

“सातही.”

“एकाच मात्रेने? चुकून दुप्पट नाही ना गेली?”

“मी स्वतः मोजली. एकदाच दिली.”

गृहस्थांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्यांचे खांदे हलत होते.

“अहो, धीर सोडू नका,” बाई घाईघाईने म्हणाल्या. “तिला हे औषध द्यायचं नाही, एवढंच. दुसरी आहेत.”

गृहस्थांनी डोळे पुसले, खिशातून फोन काढला आणि कानाला लावला.

“ऐकतेस ना? तुझा हात चुकला नव्हता गं. आपली पोरगी एकाच चमच्याने गेली.”