खाटेवरचा अभिनेता

“सर्वोत्कृष्ट अभिनेता खाटेवर आहे,” बाई म्हणाल्या.

वाहिनीच्या कार्यक्रमप्रमुखाने रिमोट दाबला. पडद्यावर मालिकेचा नायक रडता रडता तोंड उघडं ठेवून थांबला. त्याच्यासमोर इस्पितळातली खाट होती. खाटेवर आजोबा होते, अंगावर हनुवटीपर्यंत पांघरूण आणि तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मालिकेत ते वर्षभर कोमात होते. घरातलं प्रत्येक माणूस आळीपाळीने येऊन त्यांच्यापाशी मन मोकळं करून जायचं, कारण मध्ये न बोलता ऐकून घेणारं त्या घरात दुसरं कुणी नव्हतंच.

नायकाचे बरेच प्रसंग निवडून ठेवले होते. त्यातला हाच लाव, असा आग्रह बाईंनी धरला होता.

बाईंनी या धंद्यातल्या अर्ध्या लोकांना अभिनय शिकवला होता. प्रमुखही त्यांच्याच वर्गातला. अभिनय जमला नाही म्हणून तो अभिनेते निवडायच्या कामाला लागला आणि तिथे त्याचं छान बस्तान बसलं. वाहिनीच्या पुरस्कारांसाठी बाईंच्या जोडीला परीक्षक म्हणून एक बुजुर्ग दिग्दर्शक होते आणि वर्तमानपत्रात मालिकांवर लिहिणारा एक समीक्षक. मानचिन्हावर नायकाचं नाव कोरून झालं होतं. परीक्षकांनी फक्त साधकबाधक चर्चा करून त्या नावापर्यंत पोचायचं होतं. काजू त्यासाठीच ठेवले होते.

दिग्दर्शकांची नवी मालिका वाहिनीकडे मंजुरीसाठी पडून होती. ते म्हणाले, नायकाने या प्रसंगात जीव ओतलाय.

“ओतलाय खरा,” बाई म्हणाल्या. “सांडलाही बराच.”

मग त्यांनी शांतपणे बाजू मांडली. नायक स्वतःचंच रडणं ऐकतोय. खाटेवरचा माणूस नायकाचं ऐकतोय, तेही निपचित पडून. समीक्षकाला त्यांनी त्याच्याच लेखाची आठवण करून दिली. नायकाच्या हुंदक्यापेक्षा आजोबांच्या पापणीची थरथर बोलकी आहे, असं त्याने याच प्रसंगाबद्दल छापलं होतं. समीक्षकाने लाजून चष्मा पुसला. आपलं लिखाण कुणी वाचतं, याची त्याला सवय नव्हती.

प्रमुखाची मात्र पंचाईत झाली. ज्या पात्राला पुरस्कार मिळतो ते पुढच्या सोहळ्यापर्यंत मरत नाही, असा धंद्याचा अलिखित नियम होता. गौरवलेलं माणूस लगेच गेलेलं जाहिरातदारांना खपत नसे. आणि आजोबा तर येत्या आठवड्यात जाणार होते. आजोबांचं काम करणाऱ्या नटाला सगळे अण्णा म्हणत. या वयात त्यांना दुसरं काम मिळणं कठीणच होतं. उभं राहून करायचं तर मुळीच नाही.

अण्णांचं पात्र संपतंय, हे प्रमुखाने परीक्षकांच्या कानावर घातलं. मग त्याने जीवनगौरवाचं गाजर दाखवलं, शालही देऊ म्हणाला. बाईंनी काजूची बशी दिग्दर्शकांकडे सरकवली आणि म्हणाल्या, जिवंत माणसाला जीवनगौरव म्हणजे निरोपाचा नारळ. अण्णांना यंदाच्या कामासाठी यंदाचा पुरस्कार हवा.

शेवटी प्रमुखाचा तोल गेला.

“बाई, त्या खाटेवर अण्णा नाहीतच. दोन उशा आहेत. वर केसांचा टोप, पुढे मास्क. महिना झाला अण्णांना काढून. फार कटकट करायला लागले होते.”

दिग्दर्शक खो-खो हसले. समीक्षकाने चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं, पापणी शोधली आणि चष्मा परत काढला. प्रमुखाला हायसं वाटलं. चला, तो म्हणाला, आता नायकाला देऊन मोकळे होऊ.

“माझं मत तेच आहे,” बाई म्हणाल्या. “उशांना द्या. अख्ख्या मालिकेत जास्तीचा अभिनय न केलेल्या तेवढ्याच आहेत.”

चेष्टा पुरे, असं प्रमुख म्हणाला. पण बाई चेष्टा करत नव्हत्या. निकाल आणि निकालाचं कारण मंचावरून ज्येष्ठ परीक्षकाने सांगायचं, ही सोहळ्याची जुनी पद्धत. सोहळा थेट दाखवला जाई आणि यंदा ज्येष्ठ परीक्षक बाईच होत्या. त्यांनी आपलं भाषण तिथल्या तिथे थोडक्यात सांगितलं. नायकाला दिलात, तर दोन उशांपुढे इतकं रडून दाखवल्याबद्दल दिला, असं सांगेन. उशांना दिलात, तर उशांचं कौतुक करेन. अण्णांना दिलात, तर अण्णांचं. आमच्या डोळ्यांत पाणी आणलंत ते कापूस दाखवून का, असं घरोघरच्या आज्यांनी विचारलं, तर त्यांना उत्तर तू दे.

समीक्षक खाकरला. आपल्या लेखातल्या पापणीचा विषय मंचावरून निघणार, हे त्याच्या लक्षात आलं होतं. उशा कसल्या, तो म्हणाला, अण्णाच आहेत ते, मी थरथर स्वतः पाहिली आहे. त्याचं मत अण्णांना.

एकाविरुद्ध दोन झाले. दिग्दर्शकांनी वारा पाहिला आणि निकाल एकमताने झाल्याचं जाहीर करावं, अशी सूचना मांडली.

प्रमुखाने रिमोट दाबून पडद्यावरचं उघडं तोंड बंद केलं. मग त्याने लेखकाला फोन लावला. आजोबा जात नाहीत, त्याने सांगितलं. का ते विचारू नकोस, नवीन काहीतरी लिही. दुसरा फोन निर्मितीवाल्यांना. अण्णांना घ्यायला सोमवारी गाडी पाठवा, आधीच्याच मानधनावर.

फोन ठेवून त्याने बाईंकडे पाहिलं. वर्गात नक्कल फसली की असाच बघायचा. आता झालं का समाधान, असं त्याने विचारलं.

बाईंनी पर्स खांद्याला लावली आणि दाराशी जाऊन मागे वळल्या.

“गादी तेवढी जाड घाल,” त्या म्हणाल्या. “एवढीच तर कटकट होती त्यांची.”